तिशीतली आई

दिवाळीच्या सुटीत कोणाला गणित घालणे हे पाप आहे, आणि मराठी शिकवणाऱ्या बाईने ते घालावे म्हणजे तर महापाप. तरीही चकलीचा डबा क्षणभर बाजूला सरकवून वाचकांनी हे एवढे एक उदाहरण सोडवावे. १९७० साली ‘जॉनी मेरा नाम’ हा हिंदी चित्रपट आला. त्यात देव आनंद आणि प्राण हे लहानपणी ताटातूट झालेले सख्खे भाऊ आहेत. देव आनंद यांचा जन्म १९२३ चा, प्राण यांचा १९२० चा. म्हणजे चित्रपट आला त्या वर्षी एक भाऊ सत्तेचाळिशीचा आणि दुसरा पन्नाशीचा. या दोघांच्या आईचे काम करणाऱ्या बाईंचा जन्म १९२८ चा. तर आईचे वय किती?

उत्तर बेचाळीस. धाकट्या मुलापेक्षा पाच वर्षांनी आणि थोरल्यापेक्षा आठ वर्षांनी आई लहान! आमच्या महाविद्यालयातल्या गणिताच्या प्राध्यापकांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “बाई, ऋण संख्या शिकवायला इतके चांगले उदाहरण मला वीस वर्षांत मिळाले नव्हते.”

गंमत अशी, की थिएटरात बसलेल्या कोणालाही हे गणित सुचले नाही. देशभरच्या प्रेक्षकांनी त्या माउलीला पाहिले, डोळ्यांना पदर आणि रुमाल लावले, आणि ते घरी गेले. इतके तिचे आईपण पक्के होते. ती आई म्हणजे आपल्या कोल्हापूरने घडवलेल्या सुलोचनाबाई.

नावाचा घोटाळा आधी मिटवलेला बरा, कारण सुलोचना नावाच्या तिघीजणी प्रसिद्धीस आल्या आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिली मूकपटांची राणी. तिचे खरे नाव रुबी मायर्स. तिला १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. दुसऱ्या सुलोचना चव्हाण, लावणीच्या ठसक्याने महाराष्ट्र गाजवणाऱ्या गायिका. त्या २०२२ च्या डिसेंबरात गेल्या. आणि तिसऱ्या या, सुलोचना लाटकर. चित्रसृष्टीतले लोक त्यांना ‘दीदी’ म्हणत. पडद्यावर ‘माँ’ आणि पडद्यामागे ‘दीदी’! एकाच बाईला दोन वयांच्या हाका मारायच्या, ही रीत त्या लोकांनाच ठाऊक.

या सुलोचनाबाईंचा जन्म ३० जुलै १९२८ चा. गाव खडकलाट, जिल्हा बेळगाव. निपाणीच्या परिसरातला हा मुलूख तंबाखूचा. आज तो कर्नाटकात आहे. पण तिथल्या माणसाच्या जिभेवर मराठी आणि कानडी एकाच घरात नांदणाऱ्या दोन जावांसारख्या असतात, कधी भांडत, कधी एकमेकींची भांडी वापरत. त्या काळी गावोगावी तंबूतला सिनेमा येई. पाटीभर माणसे जमिनीवर बसून एका पांढऱ्या कापडावर देव, राजे आणि राक्षस पाहत. अशा एका खेड्यातली, बेताच्या शिक्षणाची मुलगी पुढे त्याच कापडावर सगळ्या देशाला दिसणार होती. वाट मात्र मुंबईवरून गेली नाही. ती आधी कोल्हापूरवरून गेली.

कोल्हापूरची ही त्या वेळची ऐपत आजच्या मुलांना सांगितली, तर त्यांना आजीच्या गोष्टीसारखी वाटते. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीचे काम करायला बाई मिळेना. साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवावे लागले. १९१७ साली बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली, आणि १९२० च्या त्यांच्या ‘सैरंध्री’मध्ये स्त्रियांची कामे स्त्रियांनीच केली. १९२९ साली ‘प्रभात’ जन्मली तीही याच गावात. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गा खोटे तारामती झाल्या. म्हणजे लुगडे नेसलेल्या तारामतीपासून मुंबईच्या प्रतिष्ठित घरातल्या, महाविद्यालयात शिकलेल्या तारामतीपर्यंतचा प्रवास एकोणीस वर्षांत झाला, आणि त्यातला शेवटचा मोठा टप्पा पंचगंगेच्या काठी पार पडला. ‘प्रभात’ १९३३ साली पुण्याला गेली, तरी कोल्हापूर ओस पडले नाही. मास्टर विनायक होते, भालजी पेंढारकर होते. कुस्तीच्या आखाड्यात जशी पोरे तालमीला येत, तशी माणसे स्टुडिओत शिकायला येत.

मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये ही मुलगी दाखल झाली. ‘चिमुकला संसार’ हा १९४३ चा चित्रपट. त्यात तिला एक बारीकसे काम मिळाले. त्याच कंपनीत तेरा-चौदा वर्षांची आणखी एक मुलगी, वडिलांच्या माघारी घरचा भार उचलून नोकरी करीत होती. तिचे नाव लता मंगेशकर. एका पोरीने पुढे भारताला आवाज दिला आणि दुसरीने आई दिली. पण त्या दिवशी त्या दोघींना कोणी तसे सांगितले असते, तर त्या पदरात तोंड लपवून हसल्या असत्या.

पुढे ती भालजींच्या हाताखाली आली, आणि तिची खरी शाळा तीच. ‘सुलोचना’ हे नाव भालजींनी दिले. डोळ्यांवरून नाव देणारा माणूस नुसता दिग्दर्शक नव्हता, पारखीही होता. कारण पुढची साठ वर्षे या बाईंनी निम्मे काम त्या डोळ्यांवरच केले. जयप्रभा स्टुडिओतली शिस्त घरच्यासारखी आणि कडक. बोलायचे कसे, चालायचे कसे, पदर सावरायचा कसा, हे सगळे तिथे शिकवले जाई. भाषा शिकवणारी म्हणून मला या शाळेचे विशेष कौतुक वाटते. सुलोचनाबाईंची मराठी ऐकावी. शुद्ध आहे, पण इस्त्री केलेली नाही. खेड्यातली बाई उभी करताना त्या खेड्याची नक्कल करीत नाहीत आणि वाड्यातली बाई उभी करताना पुस्तक वाचून दाखवीत नाहीत. दोन्ही भाषा त्यांच्या स्वतःच्या झालेल्या आहेत. एक जन्माने आणि दुसरी कष्टाने.

‘सासुरवास’ १९४६ चा. त्यानंतर १९४८ ची सुरुवात झाली. गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ झाली, तीत जयप्रभा स्टुडिओ पेटला, आणि ‘मीठभाकर’ या चित्रपटाची चित्रित झालेली फीत जळून गेली. दुसरा कोणी असता, तर तिथेच हात टेकून बसला असता. भालजींनी तो चित्रपट पुन्हा उभा केला आणि १९४९ साली तो पडद्यावर आला. एकच प्रसंग दुसऱ्यांदा करायचा, तोच हुंदका दुसऱ्यांदा द्यायचा, आणि तोही राखेच्या शेजारी उभे राहून! अभिनयाचे शिक्षण याहून कठीण कुठे मिळणार?

१९५३ साली ‘वहिनींच्या बांगड्या’ आला. कथा य. गो. जोशी यांची, दिग्दर्शन शांताराम आठवले यांचे. मराठी घराने सुलोचनाबाईंना तेव्हापासून आपले म्हटले. शालीन, सोशिक, दिराला मुलासारखे वाढवणारी वहिनी! त्या वेळी बाई पंचवीस वर्षांच्या होत्या. आज मागे वळून पाहिले, की वाटते, दारावर पाटी तेव्हाच लागली होती. आत कोण राहते ते नंतर ठरले. ‘आई’ व्हायला आता फक्त एक पायरी उरली होती.

ती पायरी १९५९ साली आली. बिमल रॉय यांनी ‘सुजाता’मध्ये चारूची भूमिका त्यांना दिली. त्याच वर्षी ‘दिल देके देखो’मध्ये त्या शम्मी कपूरची आई झाल्या. शम्मी कपूर त्यांच्यापेक्षा अवघ्या तीन वर्षांनी लहान. ‘सुजाता’मध्ये दोन मुली. नूतन आठ वर्षांनी धाकटी, आणि शशिकला चार वर्षांनी. बंगाली दिग्दर्शकाच्या बंगाली कथेतल्या या तिघी मराठी मुलखातल्या, हेही जाता जाता लक्षात ठेवावे: आई खडकलाटची, एक लेक सोलापूरची, आणि दुसरी शोभना समर्थांची. वयाकडे पाहिले तर तिघीजणी एका घरातल्या बहिणी शोभल्या असत्या. केसांत पांढरी रेघ ओढली, की बहिणीची आई होते, असा आपल्या चित्रपटाचा साधा हिशेब.

पण ‘सुजाता’मधली ही आई साधी नाही, आणि मला या लेखात जे सांगायचे आहे, ते इथूनच सुरू होते. अस्पृश्य आईबापांची पोरकी मुलगी या घरात येते. चारू तिला सांभाळते, न्हाऊमाखू घालते, वाढवते. कोणी ओळख विचारली, की ती ‘मुलगी’ म्हणत नाही, ‘मुलीसारखी’ म्हणते. सबंध चित्रपट त्या ‘सारखी’वर उभा आहे. व्याकरणात हे एवढेसे शब्दयोगी. पण त्यात हजारो वर्षांचा सोवळ्याचा चौक मावलेला आहे. चारू दुष्ट नाही. दुष्ट असती तर काम सोपे होते; डोळे वटारले, पदर खोचला, की भागले असते. ती चांगली आहे आणि तिचा चांगुलपणा एका रेषेशी येऊन थांबतो. शेवटी तिला रक्त द्यावे लागते तेव्हा ते सुजाताचेच जुळते, आणि ती रेषा पुसली जाते. सुलोचनाबाईंनी हे सगळे आवाज न चढवता केले आहे. मुलीला जवळ घेता घेता हात किंचित अडखळतो, बोलता बोलता नजर दुसरीकडे जाते. आपल्या घरांतल्या किती आयाआज्या अशाच अडखळल्या असतील, हे पाहताना आपल्यालाच खाली पाहावे लागते.

‘सुजाता’ १९६० साली फ्रान्समधल्या कान गावच्या चित्रपट महोत्सवात स्पर्धेसाठी गेला होता. त्या वर्षी तिथे उत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक दोघींत विभागून दिले गेले. त्यांपैकी एक होती फ्रेंच अभिनेत्री झान मोरो. हिचाही जन्म १९२८ चाच. आपल्या सुलोचनाबाईंपेक्षा ती सहा महिन्यांनी मोठी. वडील पॅरिसमध्ये खाणावळ चालवीत, आई इंग्रज नर्तकी. विशीतच ती फ्रान्सच्या थोर जुन्या नाट्यसंस्थेत, कोमेदी फ्रान्सेजमध्ये, दाखल झाली, आणि १९५८ पासून तिचे चित्रपट गाजू लागले. कानचे पारितोषिक तिला ज्या चित्रपटाबद्दल मिळाले, तो मार्गरित द्यूरासच्या कादंबरीवरचा, पीटर ब्रूक यांनी दिग्दर्शित केलेला ‘मोदेरातो कांताबिले’. त्यात झान मोरोने कोणाची भूमिका केली असेल? आईचीच! लहान मुलाला पियानोच्या शिकवणीला घेऊन जाणारी, कारखानदाराची बायको.

आता दोघींना शेजारी ठेवून पाहा. एकाच वर्षी जन्मलेल्या दोन अभिनेत्री, एकाच महोत्सवाच्या पडद्यावर, दोघी आया. फ्रेंच आईचा मुलगा शाळकरी आहे. ती स्वतः घरात कोंडली गेली आहे, तिला काहीतरी हवे आहे आणि काय हवे ते उमगत नाही. चित्रपट तिच्या त्या तगमगीचा आहे. मुलगा आहे, पण त्याच्यामुळे तिचे बाईपण संपलेले नाही. भारतीय आईची मुलगी लग्नाची आहे. चित्रपट मुलीचा आहे. आई त्या मुलीच्या नशिबातला एक दरवाजा आहे, जो शेवटी उघडतो. एका बत्तीस वर्षांच्या बाईला बत्तीस वर्षांची बाई होता आले. दुसरीला एकतिसाव्या वर्षी एका उडीत पंचेचाळीस ओलांडावी लागली. पुढे १९६२ साली झान मोरो ‘ज्यूल आणि जिम’ची नायिका झाली, तेव्हा आपल्या बाईंचे हिंदीतले नायिकापण संपले होते.

यावरून फ्रेंच चांगले आणि आपण वाईट, असा निकाल कोणी काढू नये. तिकडेही सगळ्याच अभिनेत्रींचे भाग्य झान मोरोसारखे नव्हते, आणि इकडेही अपवाद होते. ‘मदर इंडिया’ आला तेव्हा, १९५७ साली, नर्गिस अठ्ठावीस वर्षांची होती, आणि तिचा मुलगा झालेला सुनील दत्त तिच्यापेक्षा फक्त पाच दिवसांनी लहान! पण नर्गिसला त्या चित्रपटात हळद लागलेल्या नवरीपासून सुरुवात करायला मिळाली. नांगर ओढायला मिळाला, बंदूक धरायला मिळाली. सबंध आयुष्य तिच्या हाती दिले होते. सुलोचनाबाईंच्या हाती हिंदी चित्रपटाने बहुतेक वेळा आयुष्याचा शेवटचा तुकडाच ठेवला: देवापुढची समई, आजारपणाची खाट, आणि उंबऱ्यात उभे राहून वाट पाहणे.

“मग त्यांनी नकार का दिला नाही?” असे माझ्या एका विद्यार्थिनीने विचारले. मुली हल्ली असे सरळ विचारतात, आणि ते चांगले आहे. तिला मी म्हटले, जरा व्यवहाराच्या बाजूने पाहू. त्या काळात नायिकेचे आयुष्य दहा वर्षांचे. लग्न झाले, की तेही संपे. आईला मात्र निवृत्ती नव्हती. नायक बदलत, नायिका बदलत, देवघरापुढची आई तीच राही. देव आनंद आणि शम्मी कपूर यांच्यानंतर अमिताभ बच्चन आले. १९७४ च्या ‘मजबूर’मध्ये त्यांचीही आई याच. हिंदी चित्रपटांची त्यांची संख्या अडीचशेच्या घरात सांगतात आणि मराठीची पन्नासाच्या आसपास. पडद्यावर घराबाहेर न पडणारी ही आई खऱ्या आयुष्यात वर्षानुवर्षे सकाळी डबा घेऊन कामावर जाणारी बाई होती. आपण तिचे अश्रू मोजले, हजेरी कधी मोजली नाही. नोकरी करणाऱ्या स्त्रियांचा इतिहास लिहिताना आपण शिक्षिका, परिचारिका आणि टेलिफोनवरच्या मुलींची आठवण काढतो; पडद्यावरच्या आईचे नाव त्या यादीत घालायला हवे.

आणि दुसरे असे, की मराठीत त्यांना जे मिळाले, ते हिंदीने दिले नाही. १९६१ चा ‘प्रपंच’ पाहावा. कुंभाराचे घर, पोराबाळांचा गोतावळा, डोक्यावर कर्ज; आणि शाहीर अमर शेख यांच्या समोर सुलोचनाबाई. या भूमिकेत समई नाही, चूल आहे. कष्टाने वाकलेली पाठ ही रंगभूषेची गोष्ट नव्हे. ती आतून वाकवावी लागते. १९६३ ची ‘मोलकरीण’ घ्या. मुलाच्या घरी आई ओळख न देता मोलकरीण म्हणून राबते. कथा ऐकली तर कोणी म्हणेल, रडवण्याचा हुकमी कारखाना आहे हा. लहानपणी दूरदर्शनवर हा चित्रपट लागला, तेव्हा आमच्या आजीने शेजारणींसह माजघर ओले केले होते, हे मला चांगले आठवते. परंतु त्या अश्रूंच्या खाली एक बोचरा प्रश्न आहे: ज्या बाईला मुलगा ‘आई’ म्हणून ओळखत नाही, तिच्या कामाची किंमत तो महिन्याच्या पगारात ठरवतो, आणि ओळखल्यावर तीच कामे फुकट होतात. मग आईची किंमत वाढली की उतरली? आमच्या आजीने पदराने डोळे पुसले आणि चहा टाकायला ती उठली. तिला हा प्रश्न कोणी विचारला नाही.

१९६४ च्या भालजींच्या ‘मराठा तितुका मेळवावा’मध्ये त्या जिजाऊ झाल्या. ही आई रडत नाही, राज्य घडवते. एरवीच्या आया आणि ही आई यांत फरक काय, हे पाहायचे असेल, तर त्यांच्या मानेकडे पाहावे. ती ताठ आहे. भालजींनी आपल्या शिष्येला योग्य वेळी योग्य सिंहासन दिले, असेच म्हटले पाहिजे. १९६८ च्या राजा ठाकूर यांच्या ‘एकटी’त त्या काशिनाथ घाणेकरांच्या आई. घाणेकर त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. आणि पुढे नियतीने विनोद असा केला, की ते त्यांचे जावई झाले. पडद्यावरच्या मुलाला घरात जावई म्हणून ओवाळायचे, हे नाते पचवायला मोठे काळीज लागते. त्याविषयी बाहेरच्यांनी फार बोलू नये.

मला स्वतःला या विषयाचा चटका का लागला, तेही सांगते. गेल्या वर्षी बसमध्ये एका तरुणाने मला उठून जागा दिली आणि म्हणाला, “बसा, मावशी.” काल-परवापर्यंत मी ‘ताई’ होते. मुलाचे संस्कार चांगले होते, मी बसलेही. पण घरी येऊन आरशात पाहिले, आणि मग आईला फोन करून विचारले, “तुला लोक कधीपासून मावशी म्हणू लागले?” ती म्हणाली, “मला? तू शाळेत जायला लागलीस, त्या दिवसापासून मी ‘अमक्याची आई’च झाले. नावाने हाक मारणारे तुझे आजोबा तेवढे उरले होते.” त्या वेळी ती एकोणतीस वर्षांची होती. पेटी वाजवीत असे, हे मी ऐकून होते. वाजवताना तिला पाहिल्याचे मला आठवत नाही.

पडद्यावरचे गणित असे घरातून आलेले आहे. दिग्दर्शकाने केसांत पांढरी रेघ ओढली, ती आपल्याला खटकली नाही, कारण ती रेघ आपण आधीच ओढून ठेवलेली होती. मुलगा पन्नाशीचा झाला तरी ‘बबन’ राहतो. आई तिशीतच ‘आई’ होते आणि मग तिला वय उरत नाही. म्हणून तर बेचाळीस वर्षांच्या बाईला पन्नास वर्षांचा मुलगा शोभला. सुलोचनाबाईंना आपण डोक्यावर घेतले, त्यांना वाकून नमस्कार केला. ते प्रेम खोटे नव्हते. परंतु एखाद्याला देव्हाऱ्यात बसवले, की त्याला घरभर हिंडता येत नाही, हेही तितकेच खरे. या कलावतीला प्रेमात पडलेली तिशीची बाई, चुकणारी चाळिशीची बाई, मुलांवर रागावून निघून जाणारी पन्नाशीची बाई रंगवता आली असती काय? ‘सुजाता’तली चारू पाहिल्यावर शंका राहत नाही. ज्या नटीला मायेतला कोतेपणा इतक्या हळुवारपणे दाखवता येतो, तिला माणसाच्या मनातले काहीही दाखवता आले असते. प्रश्न तिच्या ताकदीचा नव्हता. आपल्या मागणीचा होता.

झान मोरो २०१७ च्या जुलैत गेली. मधल्या काळात तिने स्वतः चित्रपट दिग्दर्शित केले, आणि फ्रान्सच्या ललित कला अकादमीत निवडली गेलेली ती पहिली स्त्री ठरली. सुलोचनाबाईंना १९९९ साली पद्मश्री आणि २००९ सालचा महाराष्ट्रभूषण हे सन्मान मिळाले. ४ जून २०२३ रोजी मुंबईत, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे ‘चित्रसृष्टीची आई गेली’ याच भावनेने भरली होती. खरेच होते ते. तरी मला वाटले, की त्या मथळ्याच्या खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ हवी होती: खडकलाटहून कोल्हापूरला आलेली, राखेतून उठलेल्या चित्रपटात दुसऱ्यांदा उभी राहिलेली, साठाहून अधिक वर्षे काम केलेली एक अभिनेत्रीही गेली.

असो. यंदाच्या दिवाळीत घरातली मुले सुटीला आली असतील, आणि काहीतरी ‘पाहायचे’ असा हट्ट चालला असेल. त्यांच्याबरोबर ‘सुजाता’ पाहावा. नूतनकडे पाहू नका असे म्हणणार नाही, कारण ते कोणालाच जमणार नाही. पण अधूनमधून चारूकडेही लक्ष असू द्यावे, आणि ती त्या वेळी एकतीस वर्षांचीही पुरती नव्हती, हे मुलांना सांगावे. चित्रपट संपल्यावर घरात जी कोणी आई असेल, तिला एक प्रश्न विचारावा: “तू तिशीत असताना तुला काय करावेसे वाटत होते?”

ती आधी “काही नाही रे” म्हणेल. मग करंज्यांचा डबा पुढे सरकवील. डबा घ्यावा, करंजी खावी, आणि प्रश्न पुन्हा विचारावा.